कोटा संपल्यावर काय पळतं आणि काय अडतं? अमळनेरच्या अभ्यासिकेतला प्रश्न

बोरीकाठ (धागाकर्ता) · १९ तारीख, रात्री १०:४०

राम राम मंडळी. प्रश्न जरा सविस्तर मांडतो, कारण थोडक्यात विचारलं की "प्लॅन बदला" एवढंच उत्तर मिळतं.

अमळनेरात माझी चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. खाली खताचं दुकान, वर आम्ही. पारोळा, धरणगाव, एरंडोलकडच्या खेड्यांतली मुलं-मुली सकाळच्या एसटीने येतात. पोलीस भरतीवाले, तलाठी परीक्षेवाले, एमपीएससीवाले, काही रेल्वेवाले. फीमध्ये पाणी, कूलर आणि वायफाय.

कनेक्शन कमर्शियल आहे, बिलही तसंच येतं, त्यामुळे "घरगुती प्लॅनवर धंदा करता" असं कुणी म्हणू नये. १०० एमबीपीएस. पत्रकावर मोठ्या अक्षरात 'अनलिमिटेड' आणि शेजारी एक बारीक तारा. त्या ताऱ्याचा खुलासा पत्रकावर कुठेच नाही, मी मागूनपुढून पाहिला. लाईन टाकायला आलेल्या पोराने तोंडी सांगितलं की हजार जीबीनंतर "थोडं स्लो" होतं. हजार जीबी ऐकायला खूप वाटतं. चाळीस जणांत आणि तीस दिवसांत वाटून पाहा, माणशी रोज आठशे एमबीच्या आसपास येतं. पोरांच्या मोबाईलच्या पॅकमध्ये याच्या दुप्पट डेटा असतो.

दर महिन्याच्या १८-१९ तारखेला कोटा संपतो आणि स्पीड २ एमबीपीएसवर येतो. इथवर माझी तक्रार नाही. ठरलं ते ठरलं.

पण आज दुपारी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी ऑनलाईन सराव परीक्षा देत होती. प्रश्न क्रमांक ३४ वर गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि वेळ संपून पेपर आपोआप जमा झाला. तिने रजिस्टरची पानं उलटसुलट केली, पेनाचं टोपण लावलं, काही बोलली नाही. तिच्या मागच्याच खुर्चीवर एक पोरगा मोबाईलवर क्रिकेटची क्लिप पाहत होता. एकदम स्वच्छ चित्र, एकदाही अडकलं नाही. वायफाय तेच, कोटा संपलेला तोच.

मी कंपनीला फोन लावला. (नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच वाद नको.) पलीकडून उत्तर आलं, "व्हिडिओ तं चाली राहिना ना भाऊ, मंग आखो काय जोयजे?" (म्हणजे, व्हिडिओ तर चालतोय ना, मग आणखी काय पाहिजे?)

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय. मी पैसे इंटरनेटचे भरतो की व्हिडिओचे? कोटा संपल्यावर कोणती साईट पळेल आणि कोणती रांगेल हे ठरवणारी कंपनी कोण? असं करणं कायद्यात बसतं का? जाणकारांनी सांगावं.

---

केळीचं_पान · १९ तारीख, रात्री ११:०५

रावेर तालुक्यातून. आमच्याकडेही हेच. सगळं मंद झालं तरी रील पळतात. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव ज्या साईटवर पाहतो ती मात्र उघडत नाही. मला वाटायचं त्या साईटमध्येच खोट आहे. वाचतोय.

---

जोडवाला · २० तारीख, सकाळी ६:५०

भाऊ, मी चोपडा भागात फायबर जोडायचं काम करतो, अकरा वर्षं झाली. खांबावर चढणारा माणूस आहे, तेव्हा दोन्ही बाजू सांगतो.

आधी कंपनीची बाजू. तालुक्याच्या ठिकाणी जो नेट देतो तो स्वतः काही इंटरनेट बनवत नाही. तो मोठ्या कंपनीकडून ठोक भावात बँडविड्थ घेतो आणि किरकोळीत विकतो. वरून घेतलेला पाईप केवढा, ते ठरलेलं असतं. संध्याकाळी आठ ते अकरा सगळं गाव नेटवर बसतं तेव्हा तो पाईप भरतो. म्हणून कोटा लावतात. मला कोटा लावण्यात पाप दिसत नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत खांबावरची पेटी उघडली की आतली बॅटरी फुगलेली असते, ती बदलायचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत.

आता तुमचा प्रश्न. मोठ्या व्हिडिओ कंपन्या नेटवाल्यांच्या खोलीत आपली पेटी ठेवतात, तिला कॅश सर्व्हर म्हणतात. जे व्हिडिओ लोक जास्त पाहतात त्यांची प्रत तिथेच साठवलेली असते. तुमच्या पोराने क्रिकेटची क्लिप लावली की ती मुंबईहून येत नाही, जळगावातल्या नाहीतर धुळ्यातल्या एखाद्या खोलीतून येते. वरच्या पाईपावर भार नाही, कंपनीला खर्च नाही. सराव परीक्षेची साईट लहान, तिची पेटी कुठे नसते, ती लांबूनच येणार.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग यात लबाडी कुठे? ती इथे आहे, नीट वाचा. कोटा संपल्यावर जो २ एमबीपीएसचा लगाम लागतो तो तुमच्या पूर्ण लाईनला लागतो. पेटीतून येवो की मुंबईहून येवो, तुमच्या घरात शिरताना दोनच मिळायला हवेत. पेटीतलं पूर्ण वेगाने येत असेल तर कंपनीच्या राऊटरमध्ये कुणीतरी बसून पेटीच्या पत्त्यांसाठी वेगळा नियम लिहिला आहे. तो आपोआप होत नाही. मायक्रोटिक राऊटरवर दोन-तीन ओळींचं काम आहे, मी करताना पाहिलं आहे. ग्राहकाचा ओरडा कमी होतो म्हणून करतात. लोकांचे रील चालले की कुणी फोन करत नाही.

तुमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलीसाठी फोन करणारे थोडे असतात.

---

मूळचा_शिरपूरचा · २० तारीख, सकाळी ९:३०

जोडवाला भाऊंनी इतकं सोपं करून सांगितलं की मी ऑफिसात तीन जणांना वाचून दाखवलं.

जुनी आठवण सांगतो. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. मग मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, या विषयावर चर्चेसाठी कागद काढला. मी तेव्हा शिरपूरला इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या एका खोलीत एक लॅपटॉप, एक डोंगल, आणि बाहेर पोरांची रांग. एकेकाने येऊन आपल्या मेलवरून ट्रायला पत्र पाठवायचं. डोंगलचा डेटा संपला तेव्हा वर्गणी काढून रिचार्ज मारला. देशभरातून दहा लाखांहून जास्त मेल गेले, त्यात आमच्या मजल्यावरचे साठ-सत्तर तरी असतील. 'एअरटेल झिरो' म्हणजे ठरावीक ॲप ग्राहकाला फुकट, डेटाचे पैसे ॲपवाल्याने भरायचे. एप्रिलमध्ये फ्लिपकार्ट त्यातून बाहेर पडलं त्या रात्री मेसमध्ये शेवभाजी होती आणि आम्ही परीक्षा पास झाल्यासारखे जेवलो.

तेव्हा आम्ही जे मागत होतो ते हेच होतं. जीबी मोजा, पण जीबीत काय आहे ते उघडून पाहू नका.

---

पांझरा_धुळे · २० तारीख, दुपारी २:१५

मी धुळ्यात ग्राहक आयोगापुढची प्रकरणं चालवते. धागाकर्त्यांनी कायद्याचं विचारलं आहे, म्हणून लिहिते.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाच्या भेदभावी दरांना बंदी करणारे विनियम आणले. आशय असा की ग्राहक कोणता मजकूर पाहतो यावरून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये. निवडक साईट फुकट दाखवणारं फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' त्यामुळेच भारतातून गेलं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या मजकुराला सारखं वागवण्याच्या, शिफारशी दिल्या, जुलै २०१८ मध्ये टेलिकॉम आयोगाने त्या मान्य केल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेट देणाऱ्यांच्या परवान्यातच अट घातली गेली. मजकूर अडवणं, त्याचा दर्जा पाडणं, वेग कमी करणं किंवा एखाद्या मजकुराला जादा वेग देणं, हे सगळं त्या अटीत येतं. शेवटचे शब्द बोरीकाठ भाऊंच्या कामाचे आहेत: जादा वेग देणं.

कंपनीचा वकील काय म्हणेल तेही सांगते. २०१७ च्या शिफारशींनी कॅश पेट्यांच्या जाळ्याला या नियमांच्या बाहेर ठेवलं आहे. तो म्हणेल, "आम्ही फक्त पेटी ठेवली." त्यावर माझं म्हणणं असं की पेटी ठेवायला कुणाचीच हरकत नाही. पण ग्राहकाच्या लाईनवर कोटा लावून पेटीला त्यातून सोडणं हे पेटीचं काम नव्हे, ते कंपनीने आपल्या राऊटरवर केलेलं काम आहे. आणि जादा डेटाचं टॉपअप विकत घेतलं तरच बाकीच्या साईट चालत असतील तर दराचा भेदही आला. हे माझं मत आहे, निकाल नाही. पण हा मुद्दा मी कोणत्याही मंचापुढे मांडीन.

त्या बारीक ताऱ्याबद्दल. ऑक्टोबर २०१६ च्या ट्रायच्या निर्देशानुसार ब्रॉडबँड प्लॅनचा कोटा किती, कोट्याआधीचा वेग किती, नंतरचा किती, हे जाहिरातीत आणि वेबसाईटवर स्पष्ट लिहायचं असतं. कोट्याचे ५०, ९० आणि १०० टक्के वापरले की ग्राहकाला कळवायचं असतं. तुम्हाला असे मेसेज येतात का?

---

बोरीकाठ · २० तारीख, दुपारी ४:००

ताई, एकही येत नाही. कोटा संपल्याचं मला पोरांच्या तोंडून कळतं.

---

सातपुडा_मास्तर · २० तारीख, रात्री ८:२०

धडगाव तालुक्यातून लिहितोय. आता गावातून अर्धा तास चढून टेकडीवर आलोय, कारण रेंज इथेच येते. तुमची चर्चा सकाळी डाउनलोड करून नेली होती, दिवसभर वाचली. पुढचं आता वाचलं.

राग मानू नका, पण तुमचं भांडण मला पोट भरलेल्यांचं वाटतं. माझा पॅक २८ दिवसांचा, रोज दीड जीबी. म्हणजे ४२ जीबीचे पैसे मी आगाऊ भरतो. वापरतो किती? टेकडीवर येतो तेव्हा पोषण आहाराची माहिती ॲपवर भरतो, दोन-चार फोटो पाठवतो, घरच्यांशी बोलतो. महिन्याला पाच-सहा जीबी. बाकीचे रोज रात्री बारा वाजता मरतात. ज्याच्याकडे रेंजच नाही त्याला रोजचा कोटा म्हणजे काय, याचा कुणी विचार केला? पावसाळ्यात तर आठवडाभर वर येता येत नाही. ते दीड-दीड जीबी कुणाच्या खिशात गेले?

आणि फ्री बेसिक्स बंद पाडल्याचा तुम्हाला आनंद झाला, मला नाही झाला. माझ्या पाड्यावरच्या मुलांना दहा साईट फुकट मिळाल्या असत्या तर काय बिघडलं असतं? शून्यापेक्षा दहा बरे.

बॅटरी चार टक्के आहे, उद्या येतो.

---

कानबाईनी_लेक · २० तारीख, रात्री ९:४५

मास्तर, तुमना राग खोटा नही. रोजना कोटावर तुम्ही जे लिखं ते मी दोनदा वाचं.

पण त्या दहा साईटबद्दल बोलते, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच लिहिते. माझं माहेर दोंडाईचाकडचं, सासर शहादा. मी अहिराणीतून पदार्थ दाखवते. कळण्याची भाकरी, भरीत, मांडे, कानबाई देवीचे रोट. श्रावणात कानबाई बसते तेव्हा बायकांची गाणी रेकॉर्ड करून टाकते. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या तोंडात जी गाणी आहेत ती कुठल्या पुस्तकात नाहीत. मी मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवते आणि त्या जात्यावर बसल्यासारख्या डोलत म्हणतात.

आता सांगा, फुकटच्या दहांत मी कधी येणार? फ्री बेसिक्समध्ये काय घ्यायचं त्याच्या अटी फेसबुकने ठरवल्या होत्या आणि व्हिडिओ त्यांत बसतच नव्हते. सासूबाईंचं गाणं तिथे कोणत्या दाराने शिरलं असतं? जिथे कुठे यादी होते तिथे मोठे आधी बसतात. पावरी, भिली, अहिराणी यांचा नंबर यादीत लागत नाही. तुमच्या पाड्यावरच्या पोराने उद्या पावरीत गोष्टी सांगायला सुरुवात केली तर त्या त्याच्याच पाड्यात फुकट दिसणार नाहीत आणि मुंबईची मालिका फुकट दिसेल. दहा वर्षांत त्या पोरांना वाटायला लागेल की नेट म्हणजे एवढंच, आणि आपली बोली नेटवर नसतेच.

फुकट द्यायचं तर डेटा फुकट द्या. त्यात काय पाहायचं ते आमचं आम्ही पाहू.

---

पांझरा_धुळे · २० तारीख, रात्री १०:३०

ताईंच्या शेवटच्या दोन ओळींशी शंभर टक्के सहमत. आणि गंमत नाही, खुद्द ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये हेच सुचवलं होतं. ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा फुकट द्यावा, खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा, आणि अमुकच साईट पाहायची अशी अट नसावी. १०० एमबी आज थोडे वाटतील, पण विचार बरोबर होता. त्या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी झालं आहे.

मास्तरांच्या २८ दिवसांबद्दल: तेरा पॅक मारले तेव्हा कुठे वर्ष भरतं. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणंही बंधनकारक केलं आणि विशेष व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवू दिली. ज्याला डेटा वापरताच येत नाही त्याने तो विकत का घ्यावा, हे तिथे मान्य झालं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे जरूर सांगा, दुकानदार आपणहून सांगत नाही. रोजचा उरलेला डेटा पुढे सरकवायचा नियम मात्र प्रीपेडला नाही. तो व्हायला हवा.

---

केळीचं_पान · २१ तारीख, सकाळी ७:१०

ताई, एक विचारतो. जूनच्या वादळात आमच्याकडे केळी आडवी झाली, खांबही पडले. वायफाय सहा दिवस बंद होतं. कंपनीने दिवस वाढवून दिले नाहीत. मागता येतात का?

---

पांझरा_धुळे · २१ तारीख, सकाळी ११:४०

२०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत अशी भरपाई आहे. जिल्हा पातळीवर २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर बिलात सूट किंवा मुदतवाढ. पण नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे, त्यामुळे वादळाला ते लागू करणं अवघड. तरी लेखी मागून ठेवा. खांब उभा राहिल्यावरही कंपनीने चार दिवस लावले असतील तर ते चार दिवस वादळाच्या माथी मारता येत नाहीत.

---

मूळचा_शिरपूरचा · २१ तारीख, दुपारी १:००

जोडवाला भाऊंच्या पाईपावरून एक वाद निघतो, तो मांडतो. टेलिकॉम कंपन्या काही वर्षं म्हणत आहेत की सगळा भार मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचा आहे, तर त्यांनी आम्हाला वाटा द्यावा. वरवर पटतं. बोरीकाठ भाऊंचा नेटवालाही सुखी होईल असं वाटतं.

मला पटत नाही. दक्षिण कोरियात असल्याच शुल्कावर नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड कोर्टात भांडत राहिले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विच ही थेट प्रक्षेपणाची कंपनी नेटवर्कचं शुल्क परवडत नाही म्हणून देशातून निघून गेली. तिच्यावर पोट असलेली तिथली पोरं रातोरात दुसरीकडे पांगली. मोठा देईल, मधला पळून जाईल, लहान शिरूच शकणार नाही. शिवाय तो डेटा ट्विच पाठवत नव्हती, बघणारा मागवत होता. आणि बघणाऱ्याने त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत.

---

जोडवाला · २१ तारीख, सायंकाळी ७:२५

शिरपूरकर भाऊ, पैसे भरले हे खरं, पण किती भरले तेही बोला. दहा वर्षांपूर्वी एक जीबीला अडीचशे रुपये मोजायचो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळ्यांनाच भाव पाडावे लागले. आता महिन्याला चारशे-पाचशेत घरभर नेट हवं, तेही न अडकता. लहान नेटवाला एका जिल्ह्यापुरता परवाना घेऊन बसलाय, त्याच्या डोक्यावर दोन राक्षस. तो उद्या बंद पडला तर अमळनेरात निवडायला दोनच उरतील, आणि मग त्यांच्या खोलीत काय नियम लिहिले ते विचारायला तुम्ही कुणाकडे जाल? माझा फोन तरी गावात सगळ्यांकडे आहे.

म्हणून सांगतो बोरीकाठ भाऊ, भांडा, पण खात्री करून भांडा. कोटा संपलेलाच आहे तर आत्ताच तपासून घ्या. सगळ्या पोरांचे वायफाय बंद करायला लावा, एकच लॅपटॉप केबलने जोडा. आधी स्पीड टेस्ट, आणि टेस्टचा सर्व्हर तुमच्या कंपनीचा निवडू नका, दुसऱ्या शहरातला निवडा. मग यूट्यूबवर एखादा लाखोंनी पाहिलेला व्हिडिओ लावा, त्यावर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यात 'कनेक्शन स्पीड'चा आकडा दिसतो. मग तिथेच फार कुणी न पाहिलेला व्हिडिओ लावा आणि तोच आकडा पाहा. सगळ्याचे स्क्रीनशॉट, घड्याळ दिसेल असे. रात्री एकदा, पहाटे गर्दी नसताना एकदा.

---

कानबाईनी_लेक · २१ तारीख, रात्री ८:००

फार कुणी न पाहिलेला हवा तर सासूबाईंचं रोटाचं गाणं लावा दादा. दोनशे बारा वेळा पाहिलं गेलंय, त्यातले पन्नास वेळा घरचेच.

---

बोरीकाठ · २२ तारीख, सकाळी ८:१५

केलं. रात्री साडेअकराला आणि पहाटे साडेपाचला. मोबाईल सगळे बंद, केबलने एक लॅपटॉप.

स्पीड टेस्ट, सर्व्हर मुंबईचा: रात्री १.९, पहाटे १.९. म्हणजे लगाम पक्का आहे, गर्दीचा प्रश्न नाही. क्रिकेटची क्लिप: कनेक्शन स्पीड रात्री ४१ हजार केबीपीएस, पहाटे ६० हजारांच्या वर. म्हणजे कोटा संपलेल्या लाईनवर वीस-तीस पट वेग. सराव परीक्षेची साईट: पहिलं पान उघडायला एकोणीस सेकंद, तेही एकटा असताना.

आणि ताई, तुमच्या सासूबाईंचं गाणं. तेच यूट्यूब, तोच लॅपटॉप, क्लिप बंद करून लगेच लावलं. आकडा दीड हजाराच्या आसपास. चित्र धूसर, मग थांबलं. त्यांनी हात उचललेला, तोंड उघडं, आणि मधोमध ते गोल. मी तसाच बसून राहिलो. एकाच ॲपमध्ये क्रिकेट पळत होतं आणि आपली म्हातारी अडली होती. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा आवाज नीट आला, मी पूर्ण ऐकलं. माझी आजी हेच म्हणायची, दोन ओळी वेगळ्या होत्या.

---

जोडवाला · २२ तारीख, सकाळी ८:४०

झालं. पत्त्यावर नियम लिहिलेला आहे. ताईंचा व्हिडिओ पेटीत नसणार, म्हणून तो लगामाखाली आला. आता यात शंका नाही.

---

पांझरा_धुळे · २२ तारीख, सकाळी १०:००

आता फोन नको, लेखी. कंपनीच्या तक्रार केंद्राला मेल करा, स्क्रीनशॉट जोडा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, तेही फुकट आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असा निर्णय दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही.

मेलमध्ये दोनच गोष्टी मागा. कोट्याआधीचा आणि नंतरचा वेग लेखी द्या, आणि नंतरचा जो काही वेग असेल तो सगळ्या साईटना सारखा द्या.

---

बोरीकाठ · २६ तारीख, रात्री ९:३०

उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडलं आहे.

मेल २२ लाच केला. तक्रार क्रमांक तीन वेळा मागितल्यावर मिळाला. काल कंपनीचे मालक स्वतः अभ्यासिकेत आले. माणूस वाईट नाही, माझ्याच वयाचा. खुर्चीवर बसून म्हणाले, "भाऊ, तुम्हाला सारखं हवं ना? मी व्हिडिओची सूट काढून टाकतो, सगळंच दोनवर येईल. मग पोरं तुमच्याच नावाने ओरडतील."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. वायफाय माझ्या एकट्याचं नाही. मी म्हणालो, पोरांना विचारतो. सगळ्यांना खाली गच्चीच्या जिन्यापाशी बोलावलं आणि जोडवाला भाऊंनी सांगितलं तसं पेटीचं, लगामाचं सगळं सांगितलं. दोघं-तिघं कुरकुरले. एका पोराने विचारलं, व्हिडिओवरचे क्लासही मग अडकतील का? अडकतील, मी खोटं बोललो नाही. तेव्हा ती चौतिसाव्या प्रश्नाला अडलेली मुलगी म्हणाली, "सर, सगळ्यांचं मंद झालं तर आपण सगळे मिळून भांडू. आता मी एकटीच भांडते."

हात वर करायला सांगितले. एकतीस जणांनी केले.

मालकांना तसं सांगितलं. ते बराच वेळ बिलाचे कागद चाळत राहिले, मग म्हणाले की दोनवर सगळं चालवणं त्यांनाही जमायचं नाही, सगळे गिऱ्हाईक तुटतील. एक तारखेपासून कोट्यानंतर सरसकट ८ एमबीपीएस करतो, वेगळा नियम काढतो, महिन्याला दीडशे रुपये जास्त पडतील. मी दीडशेला हो म्हणालो. पण लेखी मागितलं आणि ५०-९०-१०० टक्क्यांचे मेसेजही मागितले. लेखी अजून आलेलं नाही. तक्रार मागे घेतलेली नाही.

---

पांझरा_धुळे · २६ तारीख, रात्री ९:५०

लेखी हातात येईपर्यंत घेऊही नका. लवकर आलं नाही तर अपील मी लिहून देते.

---

सातपुडा_मास्तर · २७ तारीख, सायंकाळी ६:५५

टेकडीवर आहे. कानबाईच्या ताईंचं म्हणणं पटलं, यादी नको. १०० एमबीची ती शिफारस मला कुणी पाठवेल का? आमच्या केंद्रातले अकरा शिक्षक सह्या करायला तयार आहेत, रोजच्या कोट्यावर आम्ही ट्रायला पत्र लिहितोय. आणि ते रोटाचं गाणं काल डाउनलोड करून शाळेत नेलं. पोरांना भाषा अर्धीच कळली. पण चौथीतली एक मुलगी म्हणाली, माझी आजीपण गाते, तिचं मोबाईलमध्ये घ्या. रविवारी जाणार आहे. व्हिडिओ वर चढवायला किती डेटा लागतो, तेवढं सांगा.

---

कानबाईनी_लेक · २७ तारीख, सायंकाळी ७:१०

पाच मिनिटांचं गाणं ७२० वर घ्या मास्तर, साधारण दोनशे ते साडेचारशे एमबी होईल. रात्री बाराच्या आधी चढवा, त्या दिवसाच्या दीड जीबीतूनच जाईल.